मृदू प्लॅस्टिक आमिषे
गोड्या पाण्याच्या सरोवरांतील मांसाहारी मासे गळाने पकडण्यासाठी मऊ व लवचिक प्लॅस्टिकापासून बनविलेली कृत्रिम आमिषे. ही आमिषे गांडूळ, जळू, भैकेर, लहान मासा, क्रेफिश इत्यादींच्या आकाराची असतात. काहींचे मात्र कोणत्याच सजीवाशी नेमके साम्य नसते. लाकूड, धातू वा कठीण प्लॅस्टिक यांच्या आमिषांना गळ कायमचे जडविलेले असतात. मृदू आमिष हे नुसतेच शरीर असते व मासेमार त्यात आपल्या गरजेप्रमाणे गळ व वजन बसवितो. एकच आमिष पाच-सहा निरनिराळ्या प्रकारे वापरता येते ते यामुळेच. यांपैकी लहान आमिषे, बारीक दोरा व अगदी हलकी वजने वापरून ती सावकाश खेळविण्याच्या पद्धतीला ‘फिनेस’ हे नाव रूढ झाले असून येथे तिला हलके गळतंत्र म्हटले आहे. नितळ पाण्यातील आणि वारंवार पकडले गेल्यामुळे सावध बनलेल्या माशांसाठी हे तंत्र विकसित झाले. अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.), कॅनडा व जपान येथील सरोवरांत ते विशेष प्रचारात आहे.

ज्या माशाभोवती या आमिषांचा विकास झाला तो मासा म्हणजे बास. हा सेंट्रार्किडी या मत्स्यकुलातील मायक्रॉप्टेरस प्रजातीचा मासा असून मोठ्या तोंडाचा व लहान तोंडाचा हे त्याचे दोन प्रकार मासेमारांना अधिक परिचित आहेत. तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील आहे. पाणवनस्पती, बुडालेली झाडे, खडक यांच्या आडोशाला थांबून तो भक्ष्याची वाट पाहतो व भक्ष्य टप्प्यात येताच तोंड व कल्ल्यांवरील झाकणे एकदम फाकवितो. त्यामुळे तोंडात पाण्याचा लोट ओढला जातो आणि त्याबरोबर भक्ष्यही आत येते. आत आलेली वस्तू खाण्याजोगी नाही असे जाणवल्यास ती तितक्याच झटपट बाहेर फेकली जाते. गळाने मासेमारी करणाऱ्याचे यश या आत घेणे व फेकून देणे यांमधील अवधीवर अवलंबून असते. कठीण आमिषाला मुळातच दोन-तीन गळ लोंबत असल्याने मासा त्यावर झेपावताच बहुधा अडकतो. मृदू आमिषाला सहसा एकच गळ असतो, तोही अनेकदा आमिषाच्या अंगात लपविलेला. ही उणीव मऊपणाने भरून निघते. तोंडात दाबले गेलेले आमिष खऱ्या भक्ष्यासारखे दबते, म्हणून मासा ते क्षणभर अधिक धरून ठेवतो व दोऱ्याला हिसका देण्यास वेळ मिळतो. मासा दिसण्याला फसतो की स्पर्शाला, असा वाद हौशी मासेमारांत नेहमी चालतो. खरे पाहता दृष्टी व पार्श्वरेखा (पाण्यातील कंपने जाणणारे माशाच्या अंगावरील इंद्रिय) यांमुळे तो आमिषाजवळ येतो आणि ते ठेवावयाचे की टाकावयाचे याचा निर्णय तोंडात होतो.

इतिहास : रबराची गांडुळे एकोणिसाव्या शतकातही बनविली जात, पण ती ताठर असून त्यांना रबराचा वास येई. खऱ्या अर्थाने मृदू आमिष दुसऱ्या महायुद्धानंतर, प्लॅस्टिके सर्वत्र उपलब्ध झाल्यावर निघाले. ओहायओ राज्यातील अ‍ॅक्रन या रबर उद्योगाच्या शहरात राहणारे निक क्रीम यांनी घरच्या घरी प्रयोग करून १९४९ मध्ये प्लॅस्टिकाचे गांडूळ विक्रीस आणले. पुढे त्यांचा उद्योग टेक्सस राज्यात गेला. हे स्थलांतर महत्त्वाचे ठरले. टेक्ससमध्ये व त्याच्या सीमेवर १९६० नंतरच्या दशकात सॅम रेबर्न, टोलीडो बेंड यांसारखे प्रचंड जलाशय निर्माण झाले. त्यांत उभी जंगलेच्या जंगले पाण्याखाली गेली होती. अशा ठिकाणी उघडा गळ टाकताच तो फांद्यांत अडके. गळाचे टोक प्लॅस्टिकाच्या अंगातच परत खुपसून ठेवण्याची युक्ती तेथील मासेमारांनी रूढ केली. तीच ‘टेक्सस जोडणी’ होय. क्रीम यांच्या गांडुळाचा खप वाढला तो या जोडणीमुळे.

रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कॅन्सॉ राज्यातील बीव्हर सरोवरावर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरविली व पुढील वर्षी बास मासेमारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पकडलेला मासा जिवंत ठेवून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडण्याचा प्रचार या संघटनेने १९७२ पासून सुरू केला. मत्स्यसंवर्धनाच्या दृष्टीने तो इष्ट होता. परंतु त्याचा एक परिणाम फारसा कोणी अपेक्षिलेला नसावा. पूर्वी गळाला लागलेला मासा स्वयंपाकघरात जाई, आता तो सरोवरात परत जाऊ लागला आणि पाण्यात अनुभवी माशांची संख्या वाढू लागली. मोठी, भडक व वेगाने ओढली जाणारी आमिषे ज्यांना पूर्वी फसवीत त्या माशांसाठी काही वेगळे हवे होते.

ते प्रथम देशाच्या पश्चिम भागात सापडले. कॅलिफोर्निया, नेव्हाडा व अ‍ॅरिझोना येथील खोल, खडकाळ व अतिशय नितळ जलाशयांत मासेमारांनी दोरा बारीक व आमिष आखूड केले. बॉबी गार्लंड यांचे पोकळ नळीच्या आकाराचे, मागील टोकाला झालर असलेले आमिष याच भागातले. तिकडे मध्य-पश्चिमेत, कॅन्सस सिटीच्या परिसरात चक वुड्स व त्यांचे सोबती विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच इवल्याशा आमिषांनी बास पकडीत असत. परंतु त्यांची पद्धत देशभर माहीत होण्यास पुढे नेड केडी यांचे लेखन कारणीभूत झाले. तिसरा प्रवाह जपानचा. तेथील सरोवरे लहान, मासेमार पुष्कळ व मासे त्यामानाने थोडे. परिणामी जपानी कारागिरांनी जोडण्यांत जेवढी बारकाई आणली तेवढी अन्यत्र आढळत नाही. अ‍ॅरिझोना राज्यातील पेज येथे उद्योग उभारणारे जपानी वंशाचे अमेरिकन गॅरी यामामोतो हे या दोन देशांमधील महत्त्वाचे दुवा होत. १९९०–२००० या दशकात त्यांनी काढलेले ‘सेंको’ नावाचे आमिष पाहताच निराशा व्हावी असे आहे : साधारण १२ सेंमी. लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली प्लॅस्टिकाची कांडी. तिला शेपूट नाही की पाय नाहीत. परंतु ती वजन न लावता पाण्यात सोडल्यास आडवी राहून, दोन्ही टोके किंचित थरथरवीत सावकाश खाली जाते. हालचाल मासेमाराने निर्माण करावयाची नसून आमिषाच्या घडणीतच ती असावी, हा विचार या कांडीने रूढ केला.

द्रव्य व निर्मिती : बहुतेक मृदू आमिषे पॉलिव्हिनिल क्लोराइड या प्लॅस्टिकाची असतात. पाण्याच्या नळांसाठी वापरले जाणारे ताठ प्लॅस्टिक ते हेच. त्याची बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवितात. या द्रवाला प्लॅस्टिकीकारक म्हणतात. त्याचे रेणू प्लॅस्टिकाच्या लांब रेणुशृंखलांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून घसरू देतात व त्यामुळे पदार्थ मऊ होतो. आमिषासाठी लागणाऱ्या मिश्रणात प्लॅस्टिकीकारकाचे प्रमाण मोठे असते. दुधासारखे दिसणारे हे मिश्रण सु. १७५° ते १८०° से. पर्यंत तापविले की ते प्रथम घट्ट व नंतर पारदर्शक, वाहते होते. त्यात रंग, चमकी, मीठ इ. घालून ते साच्यात ओततात किंवा दाबाने भरतात आणि थंड झाल्यावर रबरासारखे आमिष साच्यातून बाहेर निघते. हे काम घरीही करता येते व अनेक हौशी लोक ते करतात. मात्र प्रमाणाबाहेर तापविल्यास मिश्रण करपून हायड्रोजन क्लोराइड हा अपायकारक वायू बाहेर पडतो, म्हणून हवा खेळती असणे आवश्यक असते. [⟶ प्लॅस्टिके व प्लॅस्टिक उद्योग].

मीठ घालण्यामागे रुचीपेक्षा वजनाचा हेतू अधिक असतो. नुसते मृदू प्लॅस्टिक पाण्यापेक्षा किंचितच जड असते. मीठ मिसळल्याने ते लवकर बुडते व ठराविक तऱ्हेने बुडते. त्याबरोबर ते कमकुवतही होते, त्यामुळे मीठ घातलेली कांडी दोन-तीन मासे लागताच फाटते. याउलट, २००० नंतर प्रचारात आलेल्या औष्णिक मृदू इलॅस्टोमर या वर्गातील द्रव्यांची आमिषे कितीतरी पट ताणली तरी तुटत नाहीत व पाण्यावर तरंगतात. त्यांना लहान वजनदार गळ लावून तळाशी सोडले म्हणजे वजन तळाला टेकते आणि आमिषाचे शेपूट वर उभे राहते; तळावर तोंड घालून अन्न शोधणाऱ्या लहान माशासारखा तो देखावा असतो. ही आमिषे नेहमीच्या प्लॅस्टिकाच्या आमिषांबरोबर एका डबीत ठेवल्यास दोन्ही विरघळून एकमेकांस चिकटतात. नवशिक्यांना हा अनुभव बहुधा एकदा येतोच.

आमिषात वास व चव मिसळण्याचे पद्धतशीर प्रयत्न आयोवा राज्यातील स्पिरिट लेक येथे बर्कली या कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले. प्लॅस्टिकातून स्वादद्रव्ये पाण्यात सहज झिरपत नाहीत ही त्यातील मुख्य अडचण होती. पुढे पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्यांचा आधार घेऊन आमिषे निघाली ती यामुळे. रंगांबाबत मात्र विक्रेत्यांच्या याद्या गरजेपेक्षा फार लांब असतात. नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी व काहीसे पारदर्शक, तर गढूळ पाण्यात काळे, गर्द निळे असे गडद आमिष हा व्यवहारातील नियम बहुतेक ठिकाणी पुरेसा पडतो. लाल रंग नितळ पाण्यात थोड्याच खोलीवर शोषला जाऊन काळपट दिसू लागतो, त्यामुळे खोल पाण्यात तो रंग मुद्दाम निवडण्यात फारसे स्वारस्य नाही.

जोडण्या : गळ, वजन व आमिष यांच्या रचनेला जोडणी म्हणतात. टेक्सस जोडणीत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, आरपार छिद्र असलेले वजन दोऱ्यात ओवून मग गळ बांधतात. गळाचे टोक आमिषाच्या डोक्यातून अर्धा सेंमी. आत घालून बाजूने बाहेर काढतात, गळ उलटा फिरवितात व टोक पुन्हा आमिषाच्या अंगात खुपसतात. आमिष सरळ बसणे यात महत्त्वाचे असते, कारण ते वाकडे बसले तर ओढताना गरगर फिरते व दोऱ्याला पीळ पडतो. कॅरोलायना जोडणीत जड वजन आमिषापासून अर्धा ते एक मी. अंतरावर ठेवतात, ती विस्तीर्ण तळ चाचपण्यासाठी उपयोगी पडते.

हलक्या गळतंत्रातील जोडण्या यांहून वेगळ्या आहेत. त्यांतील सर्वांत साधी व पाहणाऱ्यास सर्वांत विचित्र वाटणारी म्हणजे ‘वॅकी’ : गांडुळाच्या किंवा कांडीच्या बरोबर मध्यातून गळ आडवा टोचतात व वजन लावीतच नाहीत. आमिष बुडताना त्याची दोन्ही टोके वरखाली हलत राहतात. त्याच आमिषाच्या एका टोकात खिळ्यासारखे छोटे वजन खुपसले की जपानी ‘नेको’ जोडणी होते. तीत जड टोक खाली जाते आणि दुसरे टोक तळाशी डोलत राहते. नेड केडी यांच्या नावाने ओळखली जाणारी जोडणी म्हणजे दीड ते तीन ग्रॅ. वजनाच्या, अळिंबीच्या छत्रीसारख्या डोक्याच्या गळावर बसविलेला गांडुळाचा सहा-सात सेंमी. लांबीचा तुकडा.

‘ड्रॉप शॉट’ या जोडणीत नेहमीचा क्रम उलटा होतो. वजन दोऱ्याच्या अगदी शेवटी आणि गळ त्याच्या वर वीस ते पंचेचाळीस सेंमी. अंतरावर, दोऱ्याशी काटकोन करून बांधलेला असतो. वजन तळाशी टेकलेले असताना आमिष तळापासून ठराविक उंचीवर राहते व दोऱ्याला नुसता कंप दिला तरी ते जागच्या जागी हलते. समुद्रावरील मासेमार अशी रचना पूर्वीपासून वापरीत. सरोवरातील बाससाठी तिचा विकास जपानमध्ये झाला व विसाव्या शतकाच्या अखेरीस ती अमेरिकेत पसरली. खोल सरोवरांत तिचे महत्त्व विशेष आहे. उन्हाळ्यात अशा सरोवरांत वर उबदार व खाली थंड पाणी असे थर पडतात आणि खालच्या थरात अनेकदा ऑक्सिजन कमी पडतो. त्यामुळे मासे दोन थरांच्या सीमेच्या वर, ठराविक खोलीवर गोळा होतात. ध्वनितरंगांनी खोली व मासे दाखविणारे यंत्र नावेवर असल्यास ते दिसतात, आणि नेमक्या त्या खोलीवर आमिष थांबवून धरणे या जोडणीने शक्य होते.

हलके गळतंत्र : याची साधनसामग्री बेताची असते. सु. दोन मी. लांबीची, टोकाशी लवचिक काठी. स्थिर फिरकीचे छोटे रीळ. आणि अडीच ते साडेतीन किग्रॅ. ओढ सहन करणारा, पाव मिमी. किंवा त्याहून कमी जाडीचा दोरा. अलीकडे रिळावर पॉलिएथिलिनाचा विणलेला दोरा घेऊन त्याच्या टोकाला दोन-तीन मी. फ्ल्युओरोकार्बनाचा दोरा जोडतात. विणलेला दोरा ताणला जात नसल्याने बारीकसा धक्काही हाताला जाणवतो. फ्ल्युओरोकार्बनाचा प्रणमनांक (प्रकाश वाकविण्याची क्षमता दर्शविणारा अंक) १·४२, म्हणजे नायलॉनपेक्षा पाण्याच्या १·३३ या अंकाला जवळचा असल्याने तो पाण्यात कमी दिसतो. शिवाय तो बुडतो. गळ बारीक तारेचे व अतिशय तीक्ष्ण असतात, कारण बारीक दोऱ्यावर जोराचा हिसका देता येत नाही. काठी नुसती उचलून दोरा ताणला की गळ रुतला पाहिजे.

कौशल्य मुख्यतः न करण्यात आहे. आमिष टाकल्यावर ते बुडू द्यावयाचे, दोरा ताणलाही नाही व फार ढिलाही नाही असा ठेवावयाचा आणि दोरा पाण्याला मिळतो त्या बिंदूवर नजर ठेवावयाची. आमिष पाण्यात उतरत असतानाच मासा ते बहुधा घेतो. हाताला काही कळत नाही, फक्त दोरा अपेक्षेआधी थांबतो किंवा बाजूला सरकू लागतो. पाणी १०° से. च्या खाली गेले म्हणजे बासच्या शरीरातील व्यवहार मंदावतात व तो भक्ष्याचा पाठलाग करीत नाही. अशा वेळी, तसेच थंड हवेची लाट येऊन गेल्यानंतरच्या निरभ्र दिवशी, ही पद्धत विशेष उपयोगी ठरते. गढूळ पाणी, दाट पाणवनस्पती व सोसाट्याचा वारा यांत ती निरुपयोगी आहे. तिच्यामुळे लहान मासेच लागतात हा समज बरोबर नाही, पण मोठा मासा बारीक दोऱ्यावर दमवून आणण्यास वेळ लागतो आणि तेवढ्याने माशाची सोडल्यानंतर जगण्याची शक्यता घटते.

मासे आमिष ओळखावयास शिकतात, ही हौशी लोकांची केवळ समजूत नाही. इलिनॉय राज्यातील रिज सरोवर या छोट्या तलावावर पकडलेल्या प्रत्येक बासला खूण करून सोडण्याचा प्रयोग १९७० नंतर अनेक वर्षे चालला. १९८० मध्ये तलावाचे पाणी काढले तेव्हा सु. १,७०० मासे मिळाले व त्यांपैकी सु. २०० एकदाही गळाला लागलेले नव्हते. सहज पकडले जाणारे व सहसा न पकडले जाणारे अशा दोन गटांची स्वतंत्र पैदास पुढे तीन पिढ्या करण्यात आली. दोन्ही गटांमधील फरक पिढीगणिक वाढत गेला, म्हणजे हा गुण अंशतः आनुवंशिक असल्याचे दिसून आले (२००९). तेव्हा गळाचा ताण असलेल्या सरोवरात दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात : एकेक मासा अनुभवाने सावध होतो आणि जेथे पकडलेले मासे काढून नेले जातात तेथे निसर्गतः सावध असलेल्यांचा वंश मागे उरतो. हलके गळतंत्र हे या परिस्थितीला दिलेले उत्तर आहे. मात्र ते उत्तर देताना सरोवरात जे टाकले जाते त्याचा हिशोब मासेमारांनी उशिरा मांडला.

सरोवरावरील परिणाम : मऊपणा हाच या आमिषांचा गुण व तोच दोष आहे. फाटलेले आमिष गळावरून सुटते, तुकडे पाण्यात राहतात. काही लोक निरुपयोगी झालेली आमिषे सरळ पाण्यात फेकतात. पॉलिव्हिनिल क्लोराइडाचे जैविक विघटन व्यवहारात होतच नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या चार्ल्स्टन सरोवरातील पाहणीत (२०१४) पकडलेल्या लेक ट्राउट व लहान तोंडाच्या बास या माशांपैकी शेकडा चारांहूनही कमी माशांच्या पोटात अशी आमिषे आढळली. मासेमारांच्या सांगण्यावरून वाटत होते त्याहून हे प्रमाण बरेच कमी होते. तथापि पाण्यात पडून राहिलेली आमिषे फुगतात असेही तेथे दिसून आले. मऊ आमिष तोंडात घेताना माशाच्या घशातून सहज आत जाते. फुगल्यावर ते बाहेर पडणे कठीण होते. मेन राज्यातील संशोधकांनी ब्रुक ट्राउट या माशांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष (२००९) अधिक काळजी वाटावी असे आहेत. या माशांनी मृदू आमिषे आपणहून गिळली आणि ९० दिवसांत त्यांचे वजन घटून ते अन्न टाळू लागले. त्या राज्यात २०१३ मध्ये अशा आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक मांडले गेले. विरोधामुळे त्याचे रूपांतर अभ्यासाच्या आदेशात झाले.

प्लॅस्टिकीकारकांपैकी थॅलेट वर्गातील काही संयुगे सजीवांच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात ढवळाढवळ करतात म्हणून काही उत्पादक ती टाळू लागले आहेत. ‘जैविक विघटनक्षम’ अशी चिठ्ठी लावलेली आमिषेही मिळतात. परंतु विघटनास किती काळ व कोणत्या परिस्थितीत लागेल हे चिठ्ठीवर क्वचितच असते. शिशाच्या वजनांचा प्रश्न यापेक्षा जुना आहे. ती गिळून हंस मरतात असे आढळल्यावरून ब्रिटनमध्ये लहान शिसवजनांच्या विक्रीवर १९८७ मध्ये बंदी आली. टंगस्टन शिशापेक्षा बरेच अधिक घन (घनता सु. १९·३, शिशाची ११·३) असल्याने त्याचे वजन आकाराने लहान होते व तळाचा स्पर्शही त्यातून अधिक स्पष्ट कळतो, किंमत हीच त्याची अडचण आहे.

आणखी एक दोष आमिषापेक्षा पद्धतीचा आहे. वजन नसलेले मृदू आमिष मासा शांतपणे घेतो व मासेमाराचे लक्ष नसल्यास गिळून टाकतो. गळ घशात किंवा जठरात रुतलेला मासा परत सोडला तरी तो जगेलच असे नाही. अशा वेळी गळ ओढून काढण्यापेक्षा दोरा कापून मासा सोडणे पुष्कळदा कमी अपायकारक ठरते.

जपानमधील स्थिती : जपानमध्ये बास हा मुळात परकीय आहे. उद्योगपती आकाबोशी तेत्सुमा यांनी तो १९२५ मध्ये अमेरिकेहून आणून आशी सरोवरात सोडला. जपानमधील सर्वांत मोठ्या बिवा सरोवरात (क्षेत्रफळ सु. ६७० चौ. किमी.) तो १९७४ मध्ये आढळला व त्यानंतरच्या दशकात फार वाढला. हे सरोवर अतिप्राचीन असून त्यात अन्यत्र न आढळणारे अनेक मासे आहेत. आंबविलेल्या ‘फुनाझुशी’ या तेथील पारंपरिक खाद्यासाठी लागणारा निगोरोबुना हा त्यांपैकीच एक. बास व ब्ल्यूगिल या दोन परकीय माशांच्या वाढीने तेथील कोळ्यांचे मोठे नुकसान झाले. ब्ल्यूगिल १९६० मध्ये अमेरिकेच्या भेटीत तत्कालीन युवराज आकिहितो यांना भेट मिळाला होता. पुढे सम्राट झाल्यावर २००७ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. शिगा प्रांताने २००३ पासून बिवामध्ये पकडलेले हे मासे परत सोडण्यास मनाई केली आणि २००५ मध्ये अंमलात आलेल्या राष्ट्रीय कायद्याने बासची जिवंत वाहतूक व पैदास यांवर बंदी आली. मासा सोडणे हे अमेरिकेत सदाचरण, तर बिवावर नियमभंग ठरतो. सर्वांत वजनदार बासचा १९३२ चा जॉर्जिया राज्यातील विक्रम (सु. १०·१ किग्रॅ.) याच बिवात २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी गाठला, तोही मृदू आमिषाने नव्हे तर जिवंत ब्ल्यूगिलने. फूजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कावागुची सरोवरात बासच्या मासेमारीस परवाना मिळतो. परंतु तळाशी साठणाऱ्या प्लॅस्टिकामुळे तेथे मृदू आमिषे वापरण्यास मनाई आहे. त्यामुळे तेथील मासेमार हलक्या गळतंत्रासाठी केस, पिसे व डुकराचे कातडे यांची आमिषे वापरतात.

भारतात बासची मासेमारी नाही आणि रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडील प्रमुख मासे प्लवक, वनस्पती व तळावरील सेंद्रिय द्रव्ये खाणारे असल्याने त्यांच्यासाठी कणकेचा गोळा हेच आमिष योग्य असते. महाराष्ट्रातील तळी व जलाशयांत मृदू आमिषाला झेप घेणारा मासा म्हणजे मुख्यतः मरळ. कमळे व जलपर्णी यांनी झाकलेल्या पाण्यात तो पृष्ठभागावरील बेडकांवर झडप घालतो. जिवंत बेडूक गळाला लावण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी हौशी लोक आता मऊ, पोकळ प्लॅस्टिकाचा बेडूक वापरू लागले आहेत. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असल्याने तो पानांवरून न अडकता सरकतो आणि माशाने जबडा मिटताच पोकळ अंग दबून गळाची टोके उघडी पडतात. मरळ मात्र पुष्कळदा पहिल्या झडपेत चुकतो. त्यामुळे खळबळ होताच हिसका न देता, दोऱ्यावर वजन जाणवेपर्यंत थांबावे लागते.